गोराईची बोट, आईचा चुना आणि एक गोचीड

गोराईला जायचं ठरलं ते आईच्या हट्टामुळे. दोडामार्गाकडच्या गावाला जाऊन वर्ष उलटलं होतं आणि तिला कुठेतरी हिरवं बघायचं होतं. मी भुवयांच्या प्लकरसकट मेकअपचा पाऊच घेतला, तर म्हणाली, "थंय तुझ्यो भुवयो कोण बघतलो गो?" तिच्या पिशवीत मात्र पानाची चंची आणि चुन्याची डबी ठाण मांडून बसली होती.

मुलुंडहून बसने बोरिवली, पुढे रिक्षाने जेटी. बोटीसाठी सुट्टे पैसे जवळ ठेवा. पलीकडे आई गुडघाभर गवतातून रमतगमत चालली. साडी वर खोचून तिने बकऱ्यांबरोबर फोटोही काढून घेतले.

जेवण गावातच घरगुती जेवण करून देणाऱ्या मेविस आंटींच्या घरी, आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं. तांदळाची भाकरी आणि बोंबील, झकास! हात धुताना आईला गुडघ्यामागे काहीतरी टोचलं. बघते तर गोचीड, घट्ट रुतलेली.

आईचा चेहराच उतरला. गावाकडे गोचिडीतून माकडताप होतो. काजूच्या बागेत जाणारी माझी मावशी त्या तापातून जेमतेम वाचली होती. आईने चुन्याची डबी उघडली. आंटी खोबरेल तेल आणायला उठल्या.

"चुनो लाव. आपसूक सुटतली," आई म्हणाली.

"काही लावायचं नाही, आई. चिडली तर पोटातलं तुझ्याच अंगात ओकेल."

मी प्लकर सॅनिटायझरने पुसला, गोचिडीला अगदी कातडीलगत धरलं आणि न पिळता, न हिसडता सरळ वर ओढलं. अख्खी निघाली. आईने ती चिरडायला नख पुढे केलं, गुरांच्या गोचिडी चिरडायची सवय ना. मी ती चटकन चिकटपट्टीत बंद केली आणि जागा साबणाने धुतली. तुम्ही जाल तेव्हा पूर्ण पँट आणि मोजे घाला. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे नीट बघा.

मुलुंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, माकडताप इकडचा नाही, पण काही आठवडे लक्ष ठेवा. ताप, पुरळ किंवा अंगदुखी वाटली तर गोचीड चावल्याचं सांगून लगेच दाखवा. मग रोज संध्याकाळी थर्मामीटर. आई टीव्हीकडे बघत "किती?" एवढंच विचारायची. मी आकडा सांगेपर्यंत तिच्या मालिकेत काय चाललंय हे तिला ठाऊक नसायचं.

ताप आला नाही. प्लकर मात्र गायब झाला. मी सगळं घर पालथं घातलं, शेवटी नवा घेतला. परवा मावशीचा फोन आला. गावच्या बसवाल्याने आईचं पुडकं पोचवलं होतं, आणि त्यात भुवयांचा चिमटा कशाला, हे तिला कळेना. आईने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"काजीत जातंस मां? मगे तो कमरेक बांधून ठेव. आणि चुनो लावू नको."