खिडकी नसलेली केबिन

हे मी कुणाजवळ बोललो नाही. लेकीजवळ नाही, मिलमधल्या जुन्या दोस्तांजवळ नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा ही एक गोष्ट बाजूला सारतो आणि मग हात जोडतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं नसतं — हेही आधीच कबूल करून टाकतो.

वरवर पाहिलं तर गोष्ट इतकी लहान आहे की तुम्ही हसाल. कोणी कोणत्या खोलीत झोपायचं, एवढीच. तेवढ्यावरून कुणी आयुष्यभर आतून पोखरला जातो का? मलाही वाटायचं, नाही जात.

पल्लवी आमची एकुलती एक. पुण्याला नोकरीला आहे, जावईही तिकडेच. मी साकोलीच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होतो, आता घरीच असतो. सुमन, माझी बायको, सिहोऱ्याची. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव — त्याची पलीकडची पाळ दिसते, पाळीवरची माणसं ओळखू येतात. पल्लवीने ठरवलं, आईबाबांना जहाजात बसवायचं. मुंबईहून निघायचं, गोव्याला जाऊन परत यायचं. ती, जावई, नात रेवा आणि आम्ही दोघं.

मग एक दिवस तिने मोबाइलवर केबिनचे फोटो पाठवले आणि व्हिडिओ कॉल लावला. आमची केबिन बाल्कनीची होती. बाल्कनीत दोन खुर्च्या, आणि समोर नुसतं पाणी.

"बाबा, त्यात दोन बेड असतात," ती म्हणाली. "जोडून द्यायला सांगू की वेगळे ठेवायला?"

विचारताना लेक जराशी लाजली. सुमन माझ्या मागे बसून तांदूळ निवडत होती. तिथूनच बोलली, "मले अलग खोलीच पायजे, बाई. नाहीतर मी येत नाही."

"आई, जहाजावर कुठे अलग खोली?"

"मंग राहू दे. तुह्या बाबाले माह्यापाशी झोप लागत नाही, तुले माहीत आहे ना? तिकडं नेऊन कायले त्यायची झोप खराब करू?"

पल्लवी म्हणाली, रेवा झोपेल आजीजवळ. सुमन त्यालाही तयार नव्हती. लेकरू दचकून उठेल, म्हणाली. आपल्या घोरण्याची तिला अशी धास्ती होती, जशी एखाद्याला आपल्या आजाराची असते.

शेवटी पल्लवीने शोधून एक लहान केबिन काढली. आमच्या मजल्याच्या बरीच खाली, जहाजाच्या पोटात. तिला खिडकी नव्हती. सुमन उठून गेल्यावर पल्लवीने मला हळूच विचारलं, "बाबा, आईला वर बाल्कनीत झोपू द्यायचं का? तुम्ही खाली जाता?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "तिले काय, नुसतं झोपायचंच तर आहे."

हे वाक्य मी बोललो. पण कबुली ही नाही. अजून नाही.

आधी तुम्हाला माझी गंमत सांगतो — हो, मी गंमत करायचो. लग्नात, बारशाला चार माणसं जमली की म्हणायचो, "दिवसा मिल मालकाची चालते, रात्री आमच्या घरची." लोक हसायचे. सुमनही हसायची, तोंडावर पदर धरून. लाजेने तिचे कान लाल झालेले मला दिसायचे. तरी पुढच्या कार्यात मी पुन्हा तेच बोलायचो. काहून? लोक हसतात म्हणून? की पुन्हा पुन्हा सांगितलं की गोष्ट खरी होते म्हणून?

तिची धाकटी बहीण एकोडीला दिली आहे, साकोलीपासून हाकेच्या अंतरावर. ती किती वेळा म्हणाली असेल, ताई, एक रात्र राहा. सुमन कधी राहिली नाही. संध्याकाळ झाली की पिशवी उचलून घरी. बहिणीच्या मुलीच्या लग्नात बायका मांडवात ओळीने झोपल्या, तेव्हा ही आचाऱ्याच्या चुलीपाशी बसून राहिली. सकाळी मला म्हणाली, "गप्पाच संपल्या नाहीत." मी मान हलवली.

जहाजावर गेलो. पहिल्या दिवशी सगळं नवल. सुमन कठडा धरून उभी होती, वाऱ्याने पदर उडत होता. पलीकडची पाळ शोधत असल्यासारखी ती लांब पाहत होती. संध्याकाळी जेवणं झाली आणि ती आपल्या केबिनचं कार्ड घेऊन लिफ्टने खाली गेली. मी वर आलो. दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसलो, दुसरीवर ओला टॉवेल वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या केबिनमध्ये आली. डोळे सुजलेले. "तिथं दिवस का रात काही समजत नाही जी," म्हणाली आणि बाल्कनीतल्या खुर्चीवर टेकली. टेकली आणि झोपलीच. मान एका बाजूला कलली, हात मांडीवर उघडे पडले. पल्लवी आंबे कापून घेऊन आली, तर आई झोपलेली. ती तिच्या पायाशी बसून राहिली. बराच वेळ. मग उठून माझ्याजवळ आली.

"बाबा, आई घोरत नाही."

समुद्राचा आवाज होता, पण घोरणं झाकेल एवढा नव्हता. सुमनचा श्वास इतका हलका होता की जवळ गेल्याशिवाय कळला नसता.

"इतकी गाढ झोपलीय," पल्लवी म्हणाली, "तरी नाही."

आणि मी म्हणालो, "दिवसा नाही घोरत ती."

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं, ते मला लिहिता येत नाही. मग आंब्याची बशी ठेवून ती गेली.

आता सांगतो. सुमन दिवसा घोरत नाही, रात्रीही घोरत नाही. ती कधीच घोरत नव्हती.

पल्लवी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. सिहोऱ्याला सुमनचा मोठा भाऊ धानाच्या बांधीत मोटर सुरू करायला गेला आणि करंट लागून गेला. वडील लवकर गेलेले, त्या भावानेच तिला वाढवलं होतं, तिचं लग्न लावून दिलं होतं. दिवसा ती सगळं करायची — स्वयंपाक, पल्लवीची वेणी, माझा डबा. दिवसा कुणी तिला रडताना पाहिलं नाही. रात्री दिवा मालवला की ती उशीत तोंड खुपसायची. आवाज होऊ नये म्हणून श्वास कोंडून धरायची, आणि तो कोंडलेला श्वास मधूनच घशात अडकून खरखरत सुटायचा. रोज. महिनोन्‌महिने.

मी तिच्या बाजूलाच असायचो. जागा. भिंतीकडे तोंड करून.

हात लांब करायचा होता, एवढंच ना? तिच्या पाठीवर ठेवायचा. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मला जमलं नाही. काय बोलावं ते कळत नव्हतं, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं — पण खरं त्याहून वाईट आहे. मला राग यायचा. सकाळी मिलवर जायचं आहे, आणि ही रोज रोज... भाऊ काय एकट्या हिचाच मेला? हे मी मनात बोललो आहे. जिच्या हातचं जेवून झोपलो तिच्याबद्दल.

एका सकाळी चहा पिताना म्हणालो, "तू आजकाल लय घोरतेस. मले झोप नाही लागत."

ती एकदम शरमली. "मी? हो का जी?" म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी आपली गादी उचलून पल्लवीच्या खोलीत नाही — लेकीलाही त्रास नको म्हणून — मागच्या सामानाच्या खोलीत घेऊन गेली. मी अडवलं नाही. त्या रात्री मी फार छान झोपलो.

तिचं रडणं कधी थांबलं, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो.

जहाजावरची शेवटची सकाळ. मी लवकर उठून डेकवर गेलो, तर सुमन आधीच तिथे बसलेली, शाल गुंडाळून. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. मी विचारलं, झोप झाली का.

"भिंत पातळ आहे ना जी तिथली," ती म्हणाली. "बाजूच्या खोलीत लेकरू आहे कोणाचं. त्याच्या खोकल्याचा आवाज येते मले. म्हणजे माहाही तिकडं जातच असन. मंग मी बसूनच राहिली."

"रोज?"

"दुपारी झोपली ना तुमच्याकडं." मग समोर पाहत म्हणाली, "समुद्र लय मोठा आहे पण. बरं झालं पोरीनं आणलं."

तिच्या आवाजात जरासुद्धा तक्रार नव्हती. आसपास कुणी नव्हतं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. यापेक्षा बरी वेळ कोणती असते? मी म्हणालो, "चहा आणतो." आणि चहा आणायला गेलो. रांग नव्हती, तरी उशीर लावला. परत आलो तोवर रेवा येऊन आजीच्या मांडीवर बसली होती, आणि मला हायसं वाटलं. लेकराच्या आडोशाला लपणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी.

घरी आल्यावर त्या हिवाळ्यात माझ्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, हृदयाच्या नळीत स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, रात्री एकटं ठेवू नका. सुमनने आपली खाट माझ्या खोलीत आणली. खाट आणली, पण तिच्यावर आडवी होत नाही. भिंतीला उशी लावून बसते. डोळा लागला की स्वतःच दचकून सरळ होते. दिवसा, मी उठून हिंडूफिरू लागलो की मग मागच्या खोलीत जाऊन झोपते.

परवा सकाळी मला राहवलं नाही. म्हणालो, "सुमन, तू घोरत नाहीस."

ती माझी गोळी पाकिटातून काढत होती. हसली. "राहू द्या जी. आता बिमारीत माहं मन राखून राहिले का?"

मी म्हणालो, "खरं सांगून राहिलो."

"बरं," ती म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं. गोळी माझ्या तळहातावर ठेवली, पाण्याचा गिलास पुढे केला. पुढचं वाक्य तयार होतं — तू रडत होतीस आणि मी ऐकत होतो. मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलो. तिने गिलास घेतला आणि विसळायला गेली.

आत्ता दुपार आहे. ती मागच्या खोलीत झोपली आहे. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलोय. दार उघडंच आहे, आणि आतून काहीही आवाज येत नाही.