रिमसाठी कापलेला फोम

माझा धंदा गाड्यांच्या सीट बनवण्याचा. नवेगाव बांधच्या बसस्टँडसमोर वीस-बावीस वर्षांपासून मी मोटारसायकलींच्या, ऑटोच्या, ट्रॅक्टरच्या सीटांना फोम भरतो आणि वर रेक्झिन चढवतो. फोमच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. शीट नुसती बोटानं दाबून ती किती वर्षं टिकेल ते मी सांगतो. बायको शेजारणीला सांगते, "यायले फोमाचा लय गर्व आहे." खोटं नाही म्हणत ती.

मुलगी एकुलती एक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिला डोंगरातल्या सायकल शर्यतींचं वेड लागलं. आमच्या इकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा एक उतार आहे, त्यावरून ती अशी खाली यायची की मी बघायला म्हणून जायचो आणि पाठ करून उभा राहायचो. चाक दगडावर आपटलं की टायर दबतो आणि मार थेट रिमला बसतो. दोन महिन्यांत तिने मागची रिम दोनदा वाकवून आणली. मी ठोकून सरळ केली, पण ठोकलेली रिम ती ठोकलेलीच.

तिला शिकवणारे सर गोंदियाचे. एक दिवस त्यांचा मला फोन आला, "काका, टायर के अंदर फोम का इंसर्ट डालना पड़ेगा." म्हणजे टायरच्या आत रिमभोवती बसणारं फोमचं कडं. टायर कितीही दबला तरी दगड आणि रिम यांच्या मध्ये ते राहतं. त्यांनी एक मागवलंही होतं, पण ते यायला पंधरा दिवस लागणार होते आणि जिल्हा संघाची निवड चाचणी दहा दिवसांवर आली होती. मी म्हटलं, फोमच ना, मी कापतो. "काका, सीटवाला नहीं चलेगा. जिसमें पानी ना घुसे, वैसा चाहिए."

मला राग आला. टायरच्या आत कुठून पाऊस पडणार होता? सायकल शिकवता तर सायकल शिकवा म्हणावं. हे सगळं मनात. तोंडानं मी "हो, हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मुलीला यातलं काही सांगितलं नाही.

दुकानातली सगळ्यात चांगली शीट काढली. चार बोटं रुंद पट्टी कापली, कडा गोल केल्या, टोकं सोल्युशननं चिकटवली. इतकं मन लावून मी कुठल्या नव्या बुलेटची सीटही केली नसेल. मुलीनं कडं हातात घेऊन दाबून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, विकतच्यापेक्षा भारी झालं." माझी छाती फुगली.

त्या टायरात ट्यूब नसते. आत दुधासारखं पांढरं औषध ओततात. काटा घुसला की ते भोकाशी जाऊन सुकतं आणि हवा आतच राहते. ते औषध तिनं माझ्यासमोर ओतलं. चाक मी धरलं होतं. दर पावसाळ्यात मी गिऱ्हाइकांवर डाफरतो, रेक्झिनखाली पॉलिथिन लावून घ्या, नाहीतर फोम पाणी पिऊन बसेल. तेच तोंड, तेच हात, आणि चाक धरून उभा असताना माझ्या टाळक्यात काही आलं नाही. पावसाचं पाणी मला कळत होतं. टायरात ओतलेलं ते पाणी आहे असं वाटलंच नाही.

चाचणी प्रतापगडाच्या त्याच उतारावर झाली. दोघींना घेणार होते. पहिल्या फेरीनंतर ती दुसरी होती. दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावर तिचं मागचं चाक एकदम बाजूला सरकलं आणि ती पडली. त्या दिवशी नेमकी मी पाठ केली नव्हती. ती उठली, सायकल ओढत धावली, पाचवी आली. टायर एका बाजूनं रिममधून सुटला होता, पण पडल्यामुळे सुटला असेल असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "टर्न पे ब्रेक मारा तूने. डर गई." गावातली चार माणसं बघायला आली होती, त्यांनी ते आपल्या बोलीत गावात आणलं. पोरगी भेली.

सहाव्या वर्षी दुकानात शिरलेला साप काठीनं बाहेर हाकलणारी माझी पोरगी. तिला भित्री म्हटलेलं ऐकून माझं डोकं भणभणत होतं.

दुपारी कोपराला पट्टी बांधून ती झोपली. मी सायकल दुकानात नेली आणि मागचा टायर उघडला. फोम हातात जड लागला. पिळला तर पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. टायरात बोरीचा एक काटा घुसलेला होता आणि त्याचं भोक उघडंच होतं. सगळं औषध माझा फोम प्याला होता, भोकापर्यंत थेंबही पोचला नव्हता. हवा हळूहळू जात राहिली आणि वळणावर टायर रिमला धरून राहिला नाही. रिमला मात्र एक ओरखडा नव्हता.

मी फडक्यानं कोपरापर्यंत हात पुसले. ती उठून दुकानात आली आणि दारातूनच विचारलं, "बाबा, टायर ठीक होता न?"

"ठीक होता," मी म्हणालो.

ती मान हलवून घरी गेली. फोम मी कातरणीच्या पोत्यात कोंबला. उश्या भरणारा माणूस दर आठवड्याला गोंदियाहून येऊन ते पोतं घेऊन जातो, तो त्या आठवड्यातही घेऊन गेला. सरांनी मागवलेलं कडं आलं, ते मी गुपचूप बसवून दिलं. वाटलं, पुढच्या वेळी निवड होईल, विषय मिटेल.

विषय मिटला नाही. ती रोज सकाळी प्रतापगडाला जाऊन तेच वळण घ्यायला लागली. आधी न थांबता घ्यायची. मग वळणाच्या वर थांबायला लागली. मग पाय टेकवून खाली बघत राहायला लागली. तिच्या आईनं तिथल्याच दर्ग्यावर जाऊन पोरीचं भेव निघावं म्हणून धागा बांधला. मी सोबत होतो. तिथे हात जोडून उभं राहताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की मागायला काही सुचलं नाही.

सहा महिन्यांनी पुढच्या चाचणीचे फॉर्म निघाले. जेवताना ती म्हणाली, "मी नाई भरत फॉर्म. मले भेव लागते बाबा. आधी ठाऊक नोतं, आता ठाऊक झालं."

ताट बाजूला सारून मी सगळं सांगितलं. सरांचा फोन, औषध, काटा, पिळलेला फोम. तिनं ताट पुन्हा माझ्यापुढे सारलं.

"मंग त्या दिशी ठीक होता म्हनलं, ते काऊन?"

"तुले काय वाटन म्हनून भेलो."

ती हसली. "गिऱ्हाइकायच्या अंगावर धावून जाता, अन् मले भेले? राहू द्या बाबा. मायं मन राखाले बोलून राहिले तुमी."

"अवं, खरं आहे."

"कुठं हाय तो फोम?"

कुठे आहे म्हणून सांगू? गोंदियात कुणाच्या तरी उशीत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसंच कडं पुन्हा कापलं, तीच शीट, तीच रुंदी. अंगणात बादलीभर पाण्यात ते टाकलं आणि तिला हाक मारली. फोम बुडाला. मी बाहेर काढून तिच्यासमोर पिळला, पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला. ती माझ्याकडेच बघत होती, फोमकडे नाही.

"फोम पानी पेते, हे मले शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. "कोनी शिकवलं? तुमीच न? अन् तुमाले आठोलं नसन, असं मी मानू?"

तिनं माझ्या हातातून कडं घेतलं, पिळून दोरीवर वाळत घातलं आणि बादली पपईला ओतली. फॉर्मची तारीख शनिवारी संपली. तिनं भरला नाही.