सातवीच्या घरच्यांनो, नमस्कार

आमच्या नातीच्या विज्ञानाच्या सरांच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही, हे नळदुर्गापासून उमरग्यापर्यंत कुणालाही विचारा. वर्गात दिवसभर जे घडलं ते दिवेलागणीच्या आत घरोघरी पोचलं नाही, तर या माणसाला भाकरी गोड लागत नाही. मुलगा माझा हैदराबाद रोडवर ट्रक चालवतो, सून दिवसभर रानात, म्हणून घरातला मोठा फोन माझ्याकडं असतो आणि सातवीची ‘पालक’ म्हणून माझीच नेमणूक झालेली आहे. मी स्वतः सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला, तेव्हा नेमणूक कशी अगदी शोभून दिसते. संध्याकाळ झाली की फोन टुणकन वाजतो आणि सरांचा आवाज येतो, “सातवीच्या घरच्यांनो, नमस्कार!” आज्जी असो, चुलती असो, लेकराला जो जेवायला वाढतो त्याला सगळं कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग इत्थंभूत हकिकत. “आज चुंबक झालं. खिळा चिकटला, पितळेची वाटी चिकटली न्हाय, अन् मागच्या बाकावरचे दोघं खिडकीला चिकटले ते तासभर सुटले न्हाईत.” मागं त्यांची म्हैस हंबरते, बायको “आवं, भाकरी गार व्हायली” म्हणून ओरडते, आणि सर दोघींनाही न जुमानता चुंबकाची दोन टोकं समजावत राहतात.

बरं, पोरांच्याच चुका सांगतात असं नाही. एकदा म्हणाले, “आज बोलायच्या भरात म्या वटवाघूळ पक्ष्यांत घातलं. एक पोरगी उठून म्हणाली, सर, ते पिल्लाला दूध पाजतं. तिचं बरोबर. माझं चुकीचं कुणी घरी सांगितलं असंल तर खोडून टाका.” मास्तर चुकतो आणि वर ते गावाला कळवतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्यासाठी त्यांनी पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवून घेतलाय, कारण फोन नसला तरी दळण कुणाला चुकत नाही. तिथं रोज खडूनं ‘आज काय शिकलो’ लिहितात. आधी दळणाच्या नंबरावरून भांडणाऱ्या बायका आता झाड रात्री श्वास घेतं की नाही यावरून भांडतात. गिरणीवाला म्हणतो, पयलं बरं होतं.

मागं त्यांनी घरोघरी मटकी भिजवायला लावली. एक वाटी उजेडात, एक फडताळात, आणि रोज काय दिसतं ते वहीत लिहायचं. फडताळातली मटकी दुसऱ्या दिवशी इतकी सुरेख मोडावली की माझ्यानं राहवलं नाही, मी तिची उसळ केली. नात, म्हणजे आमची गौरी, आधी रडली आणि मग वहीत लिहून आली, ‘अंधारातली वाटी आज्जीने फोडणीला घातली.’ सरांनी त्यावर बरोबरची खूण केली आणि संध्याकाळी जाहीर केलं, “एका घरी प्रयोगाची उसळ झाली. नाव सांगत न्हाय.” नाव सांगायची गरजच काय! वेंधळेपणात माझा हात धरणारं गावात दुसरं कुणी नाही.

हे ध्यान लहानपणापासूनचं. शाळेत मास्तर फळ्यावर लिहायचे आणि मी शेजारणीच्या वहीतून उतरवायची. ती चुकली की मी चुकायची. सातवीच्या परीक्षेत मी तिचं नावसुद्धा उतरवलं. मास्तरांनी वडलांना वेशीत गाठून सांगितलं, “पोरीच्या डोक्यात कायच शिरत न्हाय, घरकामाला लावा.” लागले. लग्न होऊन इथं आले, तर पहिल्याच महिन्यात ज्वारीच्या रानात बुजगावण्याला सासरे समजून पदर घेतला. ते हलेनात म्हणून मीही हलेना. भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन ही बावळट आपली उभी! शेवटी खरे सासरे मागून आले आणि म्हणाले, “सूनबाई, त्यास्नी वाढू नका, ते जेवत न्हाईत.” हा किस्सा आजही लग्नाकार्यात निघतो, आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसते.

तर यंदा दिवाळीनंतर गौरी गप्प गप्प राहायला लागली. एक दिवस दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाली, “आज्जी, मला डोकंच न्हाय. म्या आता शाळंत जाणार न्हाय.” माझ्या जिभेवर आलं होतं, ‘मी बी सोडली, काय बिघडलं?’ सांगायला लाज वाटते, पण आलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर सरांनी मला बाजूला घेतलं. ही एक गोष्ट त्यांनी फोनवर सांगितली नव्हती. आठ दिवस पोटात ठेवली होती म्हणे, चेहरा पार उतरलेला.

“आज्जी, गौरी शेजारणीच्या वहीतलं उतरवती.”

“आमची पोर चोर न्हाय, सर!”

“चोर न्हायच हो. शेजारीण चुकली तर ही चूक बी मन लावून उतरवती. फळ्याकडं बघतच न्हाय. तिला बोलवा, आपण प्रयोग करू.”

प्रयोगाशिवाय या माणसाचं पान हलत नाही. गौरीला माझ्यासोबत विजेच्या खांबापाशी उभं केलं आणि गिरणीच्या भिंतीवर खडूनं काहीतरी लिहिलं. “काय लिहिलंय गं?”

“पांढरं कायतरी.”

मी तिच्या मदतीला धावले. “अवो सर, एवढ्या लांबून कुणाला दिसतंय? मला बी पांढरंच दिसतंय!”

आमच्याच शेजारी, खांबापाशी दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायकांनी एका सुरात वाचलं, “सूर्य हा तारा आहे.”

सरांनी आधी गौरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, “आज्जी, पोरीला डोकं हाय. चष्मा न्हाय.”

मी तिथंच कांगावा केला. पोरीच्या जातीला चष्मा! उद्या बघायला आलेले काय म्हणतील? सर शांतपणे खडूचे हात झटकत म्हणाले, “बघायला येणाऱ्यांना ही दिसंल हो. हिला ते दिसायला नकोत का?” रांगेतल्या बायका हसल्या, सगळ्यात पुढं रानातून परतलेली माझीच सून. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी उमरग्याला.

डोळ्याच्या डॉक्टरांनी गौरीला तपासलं आणि मग मलाही खुर्चीत बसवलं. मी ऐटीत सांगितलं, या वयात बिनचष्म्याची सुई ओवते. ते म्हणाले, “लांबचा नंबर असला की जवळचं असंच दिसतं, आज्जी. तुमचा नंबर नातीपेक्षा मोठा हाय. अन् आत्ताचा न्हाय, शाळेत असल्यापासूनचा दिसतोय.”

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी विनोद शोधत होते, सापडला नाही.

गौरी आता वर्गात पुढं बसून सरांच्याच चुका काढते, आणि सर त्या इमानेइतबारे घरी कळवतात. उमरग्याहून परतलो त्या संध्याकाळी निरोपही आलाच. “सातवीच्या घरच्यांनो, नमस्कार! ज्या लेकराला डोकं न्हाय असं वाटतंय, त्याला आधी खांबापाशी उभं करून बघा.” नाव नव्हतं. मी तो चार वेळा ऐकला. आमच्या वेळीही शाळेतून घरी निरोप आलाच होता की, एकच, वेशीतला.

परवा नवा चष्मा लावून रानात गेले. ज्वारीच्या कणसावरची पाखरं बांधावरून एकेक दिसत होती. पलीकडं बुजगावणं उभं होतं, जुना सदरा, डोक्यावर मडकं. लांबूनच ओळखलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि तरीही पदर घेतला. टोपलं घेऊन तेव्हा तिथं उभ्या राहिलेल्या त्या पोरीला एकटं वाटू नये म्हणून.