चौथा खांदेकरी

आयर्लंडमधल्या किलमोयलाचे लॉर्ड म्हटलं की परक्यांना वाटे, चांदीच्या ताटात जेवणारा माणूस. मॅलकी टार्पीला आठवत ते कोपराला ठिगळ लावलेला कोट घालून स्वतः बटाटे खणणारे कर्नलसाहेब. जमीन कायद्याने कुळांकडे गेली, हवेलीचं छप्पर वाऱ्याने नेलं. उरल्या दोन खोल्या आणि एक म्हातारी घोडी.

"मॅलकी, तुझा चहा म्हणजे फ्रान्सच्या खंदकातलं पाणी."

"त्याच पाण्यावर जगलात ना साहेब? मग प्या गुमान."

पहिल्या महायुद्धात मॅलकी त्यांचा अर्दली होता. परतल्यावर इंग्रजांचा शिपाई म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलं. बाजाराच्या दिवशी साहेब त्याला घेऊन सरळ गुत्त्यात शिरले. कोणी बोलेना, तेव्हा दोघंच संध्याकाळपर्यंत घोड्यांविषयी गप्पा हाणत बसले. त्या गप्पा पुढे चाळीस वर्षं चालल्या. तसं सुख मॅलकीला दुसऱ्या कशातच मिळालं नाही.

अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये साहेब गेले. गावाने शवपेटी वाहून आणली, पण प्रोटेस्टंट चर्चच्या फाटकापर्यंतच. मॅलकीसकट सारं गाव कॅथलिक, आणि तिथल्या प्रार्थनेला कॅथलिकाने जाणं पाप, म्हणून सगळे टोप्या काढून रस्त्यावर थांबले. पेटी आत न्यायला साहेबांच्या पंथाचे तिघेच उरले होते: डॉक्टर, गिरणीवाला आणि लंगडे मास्तर. चौथा कोपरा रिकामा.

"मॅलकी, फादर बघतायत हां," शेजारचा फेस्टस पुटपुटला.

"बघू देत. डोळे कशाला दिलेत देवाने?"

मॅलकीने खांदा दिला आणि आत गेला.

शनिवारी तो पापकबुलीला गुडघे टेकून बसला. जाळीपलीकडून तरुण फादर म्हणाले, "पश्चात्ताप होतोय, एवढंच म्हणा मॅलकी. लगेच क्षमा देतो. उद्या ईस्टर आहे."

क्षमा नाही तर ख्रिस्तप्रसादही नाही. सातव्या वर्षापासून मॅलकीचा ईस्टरचा प्रसाद एकदाही चुकला नव्हता, खंदकातसुद्धा. त्यात वय सत्तर, आणि नरकाची त्याला खरोखरच भीती वाटे.

"नाही होत, फादर. पुन्हा वेळ आली तर पुन्हा खांदा देईन."

"मग माझे हात बांधलेत."

"ठाऊक आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

ईस्टरला सगळं गाव रांगेने प्रसादाला पुढे गेलं. मॅलकी मागच्या बाकावर एकटाच बसून राहिला. त्याला साहेबांची फार आठवण आली.