उलट्या हाताचा मिस्त्री

“चावी सोड! आरं सोड ती चावी, जीव घेतूस का तिचा!”

आमच्या गावचा गाड्यांचा मिस्त्री ओरडायला लागला की अर्धं गाव घड्याळ न बघता उठायचं. त्या पहाटे तो तोंडात दंतमंजन घेऊन, लुंगी सावरत, स्वतःच्या अंगणातून ओरडत होता आणि मी तीन गल्ल्या पलीकडे माझ्या जीपमध्ये बसून चावी पिळून सेल मारत होतो. मारुतीच्या पारापाशी, जीपपर्यंत येईतो त्याने माझ्या मागच्या चार पिढ्यांची विचारपूस केली होती.

वाचकहो, परभणीची थंडी तुम्हाला ऐकून माहीत असेल. त्या वर्षी ती अशी होती, की पहाटे ओरडलेल्या शेळीचा आवाज गोठून दावणीला लटकायचा आणि ऊन चढलं की ऐकू यायचा. दूधवाला दूध मापाने घालत नव्हता, फोडून देत होता. अशा थंडीत माझी प्रवासी जीप ‘घुं… घुं…’ करून गप्प झाली होती. आणि त्याच दिवशी सारिकाची पोलीस भरती होती.

सारिका म्हणजे आमच्या शेजारच्या शेळ्या-मेंढ्यावाल्याची पोर. बापाचा कळप वळता वळता ही अशी पळायला शिकली, की बोकडंसुद्धा तिच्या नादी लागत नव्हती. दिवस उजाडायच्या आत परभणीच्या मैदानावर हजर व्हायचं होतं. पहिली एस.टी. उशिरा येणार. मोटरसायकलवर न्यावी तर त्या वाऱ्यात पायांचं लाकूड होईल, मग पोर धावणार कशी? म्हणून जीप. अर्ध्या गावाने जीप ढकलून पाहिली. गाव घामाघूम झालं, जीप गारच्या गार. कुणी म्हणे बॅटरी गेली, कुणी म्हणे हीटर गेला. सारिकाच्या बापाने आजारी मेंढीवर घालतात तशी आपली काळी घोंगडी जीपच्या बॉनेटवर पांघरली होती आणि वर हात ठेवून उभा होता.

मिस्त्रीने आल्या आल्या ती घोंगडी ओढून काढली. “ज्याच्या अंगात ऊब हाय त्याला घोंगडी लागती. हिच्या अंगात काय हाय?” म्हणाला आणि कुडकुडणाऱ्या सारिकावर टाकली.

मग मला सांगितलं, मी थांब म्हणेपर्यंत सेल मार. इंजिन घुरघुरत राहिलं, आणि हा बॉनेटखाली वाकून एकेका वायरीवरून हात फिरवत गेला. उलटा हात. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा. तळहात काम करून करून बहिरा होतो, हाताची पाठ खरं बोलते, असं त्याचं म्हणणं. बॅटरीपाशी हात थांबला नाही. सेल मोटरपाशी थांबला नाही. इंजिनच्या बुडाशी, जिथे अर्थिंगची पट्टी चासीला नटाने आवळलेली असते, तिथे मात्र थांबला.

“पोरी, हिकडं ये. उलटा हात लाव.”

सारिकाने हात लावला. “गरम हाय, मामा.”

“सगळीकडं बर्फ आन् हितंच गरम. हितंच मर्ज हाय.”

नट गंजला होता. उन्हाळ्यात इंजिनचं तेल पातळ असतं, सेलला जोर लागत नाही, थोडक्या करंटवर भागतं. थंडीत तेल काकवीसारखं घट्ट होतं, करंट दाबून लागतो, आणि तो गंजातून पुढे जाता जाता तिथेच तापून मरतो. हे त्याने आम्हाला भाषण ठोकल्यासारखं ऐकवलं, आणि तोवर हातांनी पट्टी सोडवून, पॉलिश पेपरने घासून, नट आवळूनही झाला.

दुसऱ्या सेलला जीप अशी गरजली, की गंगाखेडच्या कारखान्यात लोकांना वाटलं भोंगा झाला. सारिकाचा बाप घोंगडी मागायचंही विसरला. मी जीप हलवणार तर मिस्त्री आडवा. बंद कर म्हणाला. पोरीची वेळ चाललेली, बापाचा जीव वर-खाली, आणि हा म्हणतो बंद कर! पुन्हा सेल मारायला लावला, पुन्हा सारिकाचा उलटा हात नटावर ठेवला.

“आता?”

“गार हाय.”

“सगळं गार लागलं की समजायचं, दुखणं गेलं. आता पळ.”

सारिका पळाली. अशी पळाली, की भरती झाली.

मिस्त्रीला नम्रपणा ठाऊक नव्हता. “ह्या भागात दोनच जागृत,” तो म्हणायचा, “पोखर्णीचा नरसिंह आन् मी.” एकदा मात्र एका ट्रॅक्टरवर त्याने अख्खी सकाळ उलटा हात फिरवला, मर्ज सापडेना. शेवटी कळलं, टाकीत डिझेलच नव्हतं. आम्ही हसायला लागलो तर म्हणाला, “त्याचा उपास होता, मी मोडवला न्हाई.” चहाचा कप, म्हशीचा कान, माझ्या बायकोने केलेली भाकरी, सगळ्याला आधी उलटा हात. ताप माझ्या अंगात आहे हे मला कळायच्या आधी त्याला कळायचं.

यंदाच्या थंडीत त्याच्याच अंगात ताप बसला. दवाखाने झाले. खाटेवर बसून स्वतःच्या छातीवर, बरगड्यांवर उलटा हात फिरवायचा आणि चिडायचा. “समदीकडंच गरम लागायलंय. मर्ज धरू कुठं?”

एका पहाटे तो गेला. अंगणात निजवला होता. सारिकाच्या बापाला काही सुचलं नसावं, त्याने घरून घोंगडी आणून त्याच्यावर पांघरली होती. ती काढ म्हणून ओरडायला मात्र कोणी नव्हतं.

सारिका परभणीहून ड्युटी सोडून आली, खाकी वर्दीतच. बायकांनी वाट करून दिली. ती खाली बसली, घोंगडी जरा बाजूला केली, आणि उलटा हात त्याच्या कपाळावर ठेवला. मग छातीवर. मग मनगटावर. घाई केली नाही.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “काय लागतंय गं?”

“सगळं गार हाय, काका.”