भीती नाही

डोंगराच्या पायथ्याच्या त्या वस्तीत मी प्रश्नावली घेऊन फिरत होते. मागच्या पावसाळ्यात वरचा कडा थोडा ढासळला होता. तरीही ‘इथे राहायची भीती वाटते का?’ या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळत होतं: नाही.

शेवटच्या घरात एक बाई तान्ह्या मुलीला मांडीवर झोपवत बसल्या होत्या. त्याही ‘नाही’ म्हणाल्या. तेवढ्यात वरच्या बाजूला काहीतरी घरघरलं. मला कळायच्या आत मुलीला छातीशी धरून त्या अंगणात पोहोचल्या होत्या. वळणावर खडीचा ट्रक दिसला, तशा परत येऊन बसल्या. मुलगी जागीही झाली नव्हती. हे धावणं दोघींच्याही अंगवळणी पडलं असावं.

मी विचारलं, “ताई, मग भीती नाही असं का म्हणालात?”

“वाटते म्हटलं तर इथनं उठवतील. शेत इथं, मग आम्ही जायचं कुठं?”

सगळ्या ‘नाहीं’ची बेरीज करून वस्ती निर्धास्त आहे, असं मला सहज दाखवता आलं असतं. आकडा खोटाही नसता. लोक खरंच तसं म्हणाले होते. पण ते धावणं कुठल्या रकान्यात बसवायचं? आणि सविस्तर लिहिलं, तर यांना उठवायला माझंच लिखाण कारण झालं तर? पेन हातात तसंच राहिलं.

“‘नाही’च लिहा,” त्या म्हणाल्या. मग कड्याकडे बघत हळूच बोलल्या, “पण तुम्ही फार वेळ थांबू नका इथं.”