रविवारी दोनची भुतं आणि काकूंची वाटी

माझ्याकडे एक हुकमी किस्सा आहे. लग्नात पंगतीला उशीर होत असला की आमच्या देवळी गावातली माणसं मला पुढे ढकलतात आणि म्हणतात, "होऊन जाऊ दे भुताचं." मी आधी नाही-नाही म्हणतो, पाणी मागवतो, घोटभर पितो आणि मग उभा राहतो. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, पण गावात मला दुकानापेक्षा या किश्शासाठी जास्त लोक ओळखतात.

किस्सा असा. मी आठवीत असताना आमच्या घरी गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ केबल. त्या केबलवर एक इंग्रजी भयमालिका लागायची. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, नवा मुडदा. सगळ्या गोष्टी जुन्या इंग्रजी चित्रकथांवरून घेतलेल्या. सुरुवातीला पिवळ्या पडलेल्या चित्रकथेचं एक पान उलटायचं, त्यातलं चित्र हलायला लागायचं, आणि काचेचा डोळा असलेला एक म्हातारा कबर खणता खणता थांबून आपल्याकडे बघत हसायचा. तोच भाग रविवारी दुपारी दोनला पुन्हा लागायचा, आणि त्या वेळी आमच्या बैठकीत सारी गल्ली जमायची.

आता मे महिन्यात, वर्धा जिल्ह्यात, दुपारी दोन वाजता भुताला घाबरणं सोपं नाही. त्यासाठी तयारी लागायची. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, दाराला कडी घालायची आणि शेवटी कूलर बंद करायचा. कूलर बंद का? तर आवाज नीट ऐकू यावा म्हणून. टीव्हीचा नव्हे, टीव्हीतलं इंग्रजी त्या वीस-बावीस जणांपैकी एकालाही कळत नव्हतं. ऐकू यायला हवा होता तो माझा आवाज.

कारण मी भाषांतर करायचो. इंग्रजीत मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, आणि बाबांनी गल्लीत जाहीर करून टाकलं होतं, "आमच्या पोट्ट्याले सारी इंग्रजी समजते." खरं म्हणजे मला 'ब्लड' समजायचं, 'डोअर' समजायचं आणि 'नो, नो, नो' समजायचं. उरलेलं मी लावून द्यायचो. पडद्यावरचा उंच टोपीवाला माणूस माझ्या तोंडून हिंगणघाटचा जिनिंग मालक व्हायचा. त्यानं सख्ख्या भावाला कापसाच्या गंजीत पुरलेलं असायचं. मागे भुरभुर बर्फ पडत असायचा. कुणी विचारायचं, "हे पांढरं काय होय रे?" मी क्षणाचाही विलंब न करता सांगायचो, "जिनिंगमधली रुई उडून राह्यली, काका." आणि घामानं निथळणारी माणसं समाधानानं मान डोलवायची.

इथवर आलं की मांडवात हशा होतो आणि पंगत बसते. यापुढचं मी मांडवात कधीच सांगितलेलं नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक काकू राहायच्या. काकूंचं आणि आईचं गूळपीठ होतं. भिंतीवरून दिवसातून दोनदा वाटी यायची आणि दोनदा जायची. काकूंकडून कैरीचा तक्कू आला की आईकडून त्याच वाटीत पाटवडी जायची. वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमच्याकडचा नियमच. नुसती धुऊन पाठवली तर तो समोरच्या बाईचा अपमान. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. वाट्या सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून काकूंच्या वाट्यांच्या बुडाशी त्यांच्या यजमानांची आद्याक्षरं कोरलेली होती.

मी आठवीत होतो त्या हिवाळ्यात काकूंच्या सासूबाई वारल्या होत्या. चार महिने अंथरुणाला खिळलेल्या. काकू त्यांना रोज सकाळी तांदळाची पेज करून चमच्यानं भरवायच्या. सारी गल्ली म्हणायची, "काय सेवा करते वं ही सून!"

आणि एप्रिलमध्ये याच काकूंनी माझी चुगली केली. मी शिकवणी बुडवून बसनं पवनारला पोहायला गेलो होतो. परतीच्या बसमध्ये काकू भेटल्या. त्यांनी माझं ओलं डोकं पाहिलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. तिथल्या धाम नदीच्या डोहात दरवर्षी पोरं बुडतात, म्हणून सांगितलं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त बाबांचा पट्टा कळला.

पुढच्याच महिन्यातला तो रविवार. चित्रकथेचं पान उलटलं, म्हातारा हसला. पडद्यावर एक अंधारं घर, पलंगावर एक म्हातारी, आणि तिची सून हातात वाटी घेऊन तिला चमच्यानं काहीतरी भरवते आहे. सुनेनं त्या वाटीत कागदाच्या पुडीतली पांढरी भुकटी टाकली.

काकू दाराजवळ, नेहमीच्या जागी, पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

मी आवाज खाली आणला. आवाज कधी खाली आणायचा हे मला त्या वयातही छान कळायचं. मी म्हणालो, "ही सून पेजेत जहर कालवून राह्यली. रोज थोडं थोडं. म्हातारीले काई माहीत नाई. आन् बाहेर सारी गल्ली म्हणते..." इथे मी थांबलो. मोजून थांबलो. मग गल्लीतल्या बायकांच्या सुरात म्हणालो, "काय सेवा करते वं ही सून!"

कुणी हसलं नाही. टीव्हीत म्हातारी तडफडत होती, पण वीस माणसं टीव्हीकडे बघत नव्हती. काकू आपल्या हातांकडे बघत होत्या. तेवढ्यात लाइट गेली. गोष्टीचा शेवट कुणी पाहिलाच नाही. माणसं उठून, दाराची कडी काढून, एकेक करत उन्हात निघून गेली.

त्या शांततेनं मला काय वाटलं ते लिहायला हवं. मला आनंद झाला. इतकी शांतता मी त्याआधी कधी मिळवली नव्हती. पुढे उभ्या आयुष्यात मांडवामांडवातून मी तीच शोधत फिरलो.

काकूंना कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे तसं बोलत नाहीत. त्या उन्हाळ्यात कुरड्या घालायला बायका जमल्या तेव्हा काकूंना निरोप गेला नाही, एवढंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका काकूंकडे गेल्या, कुंकू लावून घेतलं, पण फराळाची बशी पुढे आली की प्रत्येकीला उपास निघायला लागला. भिंतीवरून वाटी येणं थांबलं. दोनेक वर्षांनी काकूंच्या घरच्यांनी बसस्टँडच्या पलीकडे घर बांधलं आणि त्या तिकडे गेल्या. मी दहावी झालो, बारावी झालो, आणि सगळं विसरलो. विसरलो म्हणजे त्यातलं हसण्याजोगं तेवढं जवळ ठेवलं.

यंदा दिवाळीत माझी मुलगी वर्ध्याहून, कॉलेजातून घरी आली. तिला चित्रकथांचा भारी नाद. माझा किस्सा ऐकून ऐकून तिनं ती मालिका इंटरनेटवर शोधून काढली, आणि ज्या चित्रकथांवरून ती घेतली होती त्यांची जुनी पानंसुद्धा.

"बाबा, आता बघा तुमचे मुडदे. खाली अक्षरं पण येतात."

मी खूश. पाय पसरून बसलो. पहिल्या दोन भागांत आम्ही पोट धरून हसलो, कारण जिनिंगचा मालक प्रत्यक्षात दातांचा डॉक्टर निघाला. तिसरा भाग लागला. अंधारं घर, पलंग, वाटी, चमचा.

मी म्हणालो, "हे बघ, हे! आता ही सून जहर कालवते."

खाली अक्षरं आली. सून म्हणत होती, "आई, एवढं औषध घ्या. कडू लागू नये म्हणून पेजेत घातलंय."

जहर सून देत नव्हती. घर हडपायला म्हातारीचा मुलगा देत होता, दुधातून. म्हातारी मेल्यावर शेजारची एक बाई खिडकीतून पाहिलेली वाटी गावभर सांगत सुटते आणि गाव सुनेला बाहेर काढतं. मग आला तो शेवट, जो लाइट गेल्यामुळे आमच्या बैठकीनं पाहिला नव्हता. म्हातारी कबरीतून उठते. मुलाचं काय करायचं ते करते. मग वाटी घेऊन त्या शेजारणीच्या घरी जाते, तिच्या पलंगावर बसते आणि म्हणते, "तोंड उघड." मुलीनं चित्रकथेचं शेवटचं पानही दाखवलं. त्यात नुसता उघडा जबडा आणि त्यात शिरणारा चमचा.

"भारी एंडिंग!" मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मग तुम्ही तेव्हा काय सांगितलं होतं, बाबा?"

"आठवत नाही," मी म्हणालो. पोटच्या पोरीशी खोटं बोललो. इतका जुना खेळाडू, पण तिच्याकडे बघता येईना.

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी काकूंकडे गेलो. काकू आता सत्तरीच्या पुढे, अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या. मला बघून हसल्या.

"ये रे बाबू. लय दिवसांनी. भूत दाखवाले आला का?"

"काकू, तुम्हाले आठवते?"

"हाव तं! तू लय झ्याक सांगे. मी तं घरातलं काम टाकून येत जावो."

बस, तेवढ्या कौतुकानं मी घसरलो. उभा राहिलो आणि जिनिंगचा मालक दातांचा डॉक्टर कसा निघाला ते साभिनय सुरू केलं. काकू हसत होत्या. अर्ध्यात माझं मलाच ऐकू आलं. मी कबुली द्यायला आलो होतो आणि खेळ करत होतो. मी खाली बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवले आणि साध्या आवाजात सगळं सांगितलं. पवनार, पट्टा, पेज, भुकटी. त्या बाईनं जहर दिलंच नव्हतं, मी बनवून सांगितलं आणि तुमच्यासाठी बनवून सांगितलं, असं.

काकूंचे हात शेंगांवर थांबले.

"मले वाटे, बायांईले ठसक्याचं समजलं," त्या म्हणाल्या.

"कोणता ठसका?"

"शेवटच्या दिवशी पेज भरवताना सासूबाईले ठसका लागला. दुपारी त्या गेल्या. मी कोणाले सांगतलं नाई. मंग लोकं माह्या हातचं खाईनात, तं मले वाटलं, समजलं असन कोणाले. बरोबरच आहे म्हणलं त्याईचं. खरंच चुकलं असन माह्या हातानं."

शेंगा बाजूला सारून काकू म्हणाल्या, "दाखव बरं ते."

मी मोबाइलवर तो भाग लावला आणि पुन्हा भाषांतर केलं. या वेळी खालच्या अक्षरांत होतं तेवढंच, एकेक ओळ. शेजारीण आली तेव्हा तिचंही सगळं सांगितलं. शेवटचा चमचा बघून काकूंनी मोबाइल परत दिला.

"बाबू, मी जहर नाई देल्लं हे मले माहीतच होतं. मले सांगून काय? तुह्या मायले सांग."

घरी आलो. आई पलंगावर बसून वाती वळत होती. ऐंशीची आहे, कान तल्लख. मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापेक्षा कमी शब्दांत. आईनं वात खाली ठेवली.

"मी तुले इचारलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"त्याच सांजेले. तू जेवत होता. मी म्हणलं, खरंच तसं होतं का रे टीव्हीत, का काकूले चिडवाले बोलला? तू म्हणला, तुह्या गळ्याची शप्पथ, तसंच होतं."

हे मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण आई खोटं बोलत नाही, आणि मी बोलतो.

"माह्या गळ्याची शप्पथ घेतल्यावर मी कायले काकूवर इस्वास ठेवू?" आई म्हणाली. ती उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. मी मदतीला गेलो तर हात झटकला. वरच्या फळीवर जुन्या डब्यांच्या मागे बोटांनी चाचपून तिनं एक वाटी काढली. काळवंडलेली. बुडाशी अक्षरं कोरलेली.

"हे शेवटची होय. तक्कू आलता. मी फेकला. मंग वाटी रिकामी कशी पाठवू? आन् भरून पाठवाले मन नाई झालं. ठेवून देली."

तिनं वाटी चिंचेनं घासली, पदरानं पुसली आणि डब्यातला गूळ फोडून काठोकाठ भरली. मग दारातल्या चपला पायात सरकवल्या. आई कुणाच्या घरी चालत गेल्याला तीन वर्षं झाली होती.

"चाल पुढं. हात धर माह्या. आन् तिथं गप बसून राह्यजो. एक शब्द नको काढू."

काकू अजून अंगणातच होत्या. आईनं वाटी पुढे केली. काकूंनी ती उलटी करून पाहिली नाही. अंगठ्यानं बुडाशी चाचपलं आणि ओळखलं. दोघी उभ्या. मग काकू म्हणाल्या, "बसा. चहा टाकतो."

"चहा नको," आई म्हणाली. "पेज कर."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "पेजेले टाइम लागन, बाई."

"लागू दे."

काकू आत गेल्या. तांदूळ निवडण्याचा आवाज यायला लागला. आई बाजेवर, दाराकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून बसली. मी पायरीवर होतो. माझ्या तोंडात एक झकास वाक्य तयार झालं होतं, दोघी हसल्या असत्या असं. मी ते गिळलं आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या.